मानसिक आरोग्याचा कायदा आपल्या मोहल्ल्यापर्यंत कसा येईल?

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. तरीही संयोजकांनी मला मानसिक आरोग्याच्या कायद्यावर बोलायला सांगितलं, त्याला एक कारण आहे. या कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नावाची एक भूमिका आहे. आजारी माणसाने स्वतः निवडलेला, गरज पडेल तेव्हा त्याच्या बाजूने डॉक्टरांशी आणि कचेऱ्यांशी बोलणारा माणूस. गेली सहा वर्षं मी माझ्या खालाच्या मुलाचा प्रतिनिधी आहे. वयाने ते माझ्यापेक्षा मोठे, म्हणून मी त्यांना भाईजान म्हणतो. ही गोष्ट त्यांच्या परवानगीनेच सांगतो आहे.

आज मला एकच मुद्दा मांडायचा आहे. आपल्याकडचा मानसिक आरोग्याचा कायदा चांगला आहे, पण आज तो मागणाऱ्यासाठीच चालतो. ज्याच्यासाठी तो केला, तो माणूस ऐन आजारपणात काही मागण्याच्या स्थितीत नसतो. घरचे थकलेले असतात, घाबरलेले असतात, आणि चार लोकांत बोलायची लाज वाटते म्हणून गप्प असतात. मग हक्क कागदावर राहतो. हे कसं घडतं आणि आपण काय करू शकतो, ते सांगतो.

कायद्याने काय दिलं?

थोडा मागचा इतिहास बघू. इंग्रजांच्या काळातला कायदा १९१२ चा. त्याचं नावच 'इंडियन लुनसी ॲक्ट'. 'वेड्या' माणसापासून बाकीच्यांचं रक्षण कसं करायचं, ही त्याची मुख्य काळजी होती. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी, १९८७ मध्ये नवा कायदा झाला. तो लागू व्हायला १९९३ उजाडलं. त्याचा भर रुग्णालयांच्या परवान्यांवर आणि रुग्णाला दाखल करण्याच्या पद्धतीवर होता. २००७ मध्ये भारताने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. आपले कायदे त्या कराराशी जुळवणं भाग होतं. त्यातून २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला.

या कायद्याने रुग्णाकडे बघायची नजर बदलली. आता तो हक्क असलेला नागरिक आहे. काही कलमं लक्षात ठेवा, कारण पुढे कामाला येतील.

कलम १८ म्हणतं की सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. धर्म, जात, लिंग यावरून त्यात भेदभाव करता येणार नाही. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला उपचार मोफत, मग त्याच्याकडे तसं कार्ड असो वा नसो. अत्यावश्यक यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वरपर्यंत, कायम आणि फुकट मिळाली पाहिजेत. 'कायम' हा शब्द कायद्यातलाच आहे.

कलम १९ प्रमाणे, घरचे नेत नाहीत किंवा राहायला जागा नाही एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. कलम २१ मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने बसवतं. विमा कंपन्यांनाही तेच बंधन. कलम २५ रुग्णाला स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं बघण्याचा हक्क देतं, कलम २७ मोफत कायदेशीर मदतीचा. कलम ९५ प्रमाणे रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येत नाही. कलम १०० पोलिसांना सांगतं की रस्त्यावर भटकणाऱ्या मानसिक रुग्णाला संरक्षणात घ्या, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्या, कोठडीत मात्र कधीही ठेवू नका.

आणि कलम ३. समाजात चालत आलेल्या नैतिक, सामाजिक, राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी एखाद्याचं पटत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. म्हणजे घरच्यांनी ठरवलेल्या निकाहाला नकार देणाऱ्या मुलीला 'हिचं डोकं फिरलंय' म्हणून दाखल करून टाकता येत नाही.

वाचायला छान वाटतं. आता हे जमिनीवर कसं दिसतं ते बघू.

एका गोळीची गोष्ट

भाईजान मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. ग्रिल आणि गेट बनवायचं त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. २०१५ च्या सुमारास त्यांना त्रास सुरू झाला. आठ-आठ दिवस झोप नाही, बोलणं थांबत नाही, खिशात पैसे नसताना जागेचे सौदे. मग दोन-तीन महिने अंथरुणावर, कुणाशी शब्द नाही. खालाचं म्हणणं ठरलेलं: "इसको कुछ नहीं हुआ, असर है." आमिल झाले, ताविज झाले, एका दर्ग्यावर चाळीस दिवस झाले. मधे एका शहरातल्या खाजगी रुग्णालयात दाखल केलं. तिथे बायपोलर आजाराचं निदान झालं आणि लिथियम नावाची गोळी सुरू झाली. तिचा फायदा झाला. घरी सोडताना आम्ही उपचाराचे कागद मागितले, तर उत्तर मिळालं, "फाईल हॉस्पिटलची असते." कलम २५ लिहून लेखी अर्ज दिला, तेव्हा कुठे महिन्याभराने झेरॉक्स मिळाली.

गोळी महाग नाही. पण ती रोज, वर्षानुवर्षं घ्यावी लागते, आणि रक्तातलं तिचं प्रमाण अधूनमधून तपासावं लागतं. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर अपाय. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्ह्याच्या सिव्हिलचं मानसिक आरोग्य पथक महिन्यातून एकदा येतं. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहितात. औषधाच्या खिडकीवर उत्तर एकच: "ही गोळी नाही, बाहेरून घ्या." बाहेरून म्हणजे जिल्ह्याच्या गावाहून, कारण तालुक्यातले मेडिकलवाले ती ठेवत नाहीत. धंदा मंदा असला की भाईजान गोळी दिवसाआड घेऊ लागत. मग पुन्हा तेच चक्र.

मी वैद्यकीय अधीक्षकांना एक पानी अर्ज लिहिला. रुग्णाचं नाव, चिठ्ठीची प्रत, कलम १८ मधली तरतूद, आणि 'औषध उपलब्ध करून द्यावे किंवा उपलब्ध नसल्याचे लेखी कळवावे' अशी विनंती. प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना. दोन्हीकडे आवक शिक्का मारून पोच घेतली. चोविसाव्या दिवशी गोळी खिडकीवर आली.

तिथल्या औषधनिर्मात्याने नंतर मला जे सांगितलं, ते महत्त्वाचं आहे. चांगला माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, आम्ही मागणीपत्र भरतो ते गेल्या वर्षीच्या खपावर. ही गोळी कधी आलीच नाही, म्हणून खप शून्य. खप शून्य, म्हणून मागणी शून्य." गोळी आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अकरा जण ती न्यायला लागले. म्हणजे त्या एका तालुक्यात आणखी दहा घरं गुपचूप बाहेरून घेत होती, किंवा घेतच नव्हती. त्यांच्यापैकी कुणीही अर्ज केला नव्हता.

पाच महिन्यांनी पुरवठा पुन्हा थांबला. पुन्हा अर्ज, पुन्हा गोळी. माझ्या कामात अशा व्यवस्थेला आम्ही 'चालू' म्हणत नाही. मागून कुणीतरी हाताने ढकलतंय म्हणून चाक फिरतंय, एवढंच. ढकलणारा दमला की चाक थांबतं. कायदा अमलात आला असं तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा अर्ज न करता गोळी मिळेल.

अडतं कुठे?

हे खप शून्य, मागणी शून्यचं गणित मला पुढे सगळीकडे दिसायला लागलं.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं दिसलं. यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. आजारागणिक हे प्रमाण साधारण ७० ते ९२ टक्के होतं. सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या राज्याचा हिशेब आपण शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशावरून लावत आलो.

दुसरी अडचण माणसांची. देशात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ साधारण ०.७५, किमान ३ असावेत असं मानलं जातं. कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे, लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत आंतरराष्ट्रीय निकषांइतकी तज्ज्ञ माणसं उभी करायची जबाबदारी सरकारची आहे. ही मुदत २०२८ मध्ये संपते. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही, खानदेशात नाही.

तिसरी अडचण रिव्ह्यू बोर्डांची, आणि ती कायद्याच्या मुळाशी आहे. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ म्हणजे या कायद्याचं छोटं न्यायालय समजा. जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेची व्यक्ती अध्यक्ष; सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन सदस्य रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा संस्थांचे लोक यांच्यातून. कुणाला मर्जीविरुद्ध दाखल केलं तर रुग्णालयाने या मंडळाला कळवायचं असतं; बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर तीन दिवसांत, बाकीच्यांसाठी सात दिवसांत. तक्रार, प्रतिनिधीची नेमणूक, दाखल करण्याला आव्हान, सगळं इथेच. पण मंडळ प्रत्येक जिल्ह्याला नाही, अनेक जिल्ह्यांना मिळून एक आहे. ते कुठे बसतं, अर्ज कुठे द्यायचा, हे रुग्णालयाच्या फलकावर क्वचितच लिहिलेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. राज्य प्राधिकरण काय करतं, मंडळं काम करतात का, बरे झालेले किती लोक अजून रुग्णालयात आहेत, हे सरकारला तिथे विचारावं लागलं. म्हणजे कायदा चालवण्यासाठीसुद्धा एका डॉक्टरला न्यायालयात जाऊन मागणी करावी लागली.

चौथी अडचण बरं झाल्यानंतरची. कलम १९ म्हणतं रुग्णालयात ठेवू नका. पण मग न्यायचं कुठे? घर आणि रुग्णालय यांच्यामधली वसतिगृहं, म्हणजे हाफवे होम, सरकारने उभी करायची आहेत. ती पुरेशी नाहीत. २०२१ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं की बऱ्या झालेल्या लोकांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणं बंद करा.

आणि विमा. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी करतात, म्हणून सांगतो. विमा नियामकाने २०१८ मध्येच कंपन्यांना या कायद्याप्रमाणे संरक्षण द्यायला सांगितलं होतं. तरी दावे नाकारले जात होते. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात विमा कंपनीच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर २०२२ मध्ये नियामकाने सगळ्या पॉलिसींसाठी ३१ ऑक्टोबरची मुदत घालून दिली. तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत काय लिहिलंय, हे उद्या एचआरला विचारा. विचारल्याने कुणी तुम्हाला आजारी समजत नाही. आणि समजलं तरी बिघडत नाही.

खालाचा प्रश्न

कायद्याबद्दल एक तक्रार घरच्यांकडून नेहमी येते. मीही ती खालाच्या तोंडून ऐकली आहे. "तो रात्री दोन वाजता दार तोडतो तेव्हा मी त्याची मर्जी विचारत बसू?" पूर्वी दाखल करणं सोपं होतं, या कायद्याने रुग्णाला हक्क दिले आणि आम्हाला वाऱ्यावर सोडलं, असं अनेक आई-वडिलांना वाटतं. त्यांना गप्प करू नका. त्यांचं ऐकायला हवं.

पण कायदा तसं म्हणत नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात असेल, किंवा स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, तर कलम ८९ प्रमाणे प्रतिनिधीच्या अर्जावरून त्याला तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्यतज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी त्याला स्वतंत्रपणे तपासायचं असतं. अगदी तातडी असेल तर कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत आणीबाणीचे उपचार देऊ शकतो. ॲम्ब्युलन्सवरही मानसिक रुग्णाचा इतरांइतकाच हक्क आहे.

अडचण ही की रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावी ती दोन माणसं कुठून आणायची? कर्तव्यावरचा डॉक्टर म्हणतो, "हे आमच्याकडे होत नाही, सिव्हिलला न्या." ॲम्ब्युलन्सवाला म्हणतो, "पेशंट हिंसक आहे, पोलीस बोलवा." पोलिसांना बोलवायला आपला माणूस धजत नाही, का ते इथे समजावून सांगायची गरज नाही. म्हणजे माणसं नेमली नाहीत सरकारने, आणि दोष गेला रुग्णाच्या हक्काला. हा फरक खालाला समजावायला मला वेळ लागला. समजल्यावर तिचा राग योग्य पत्त्यावर गेला. आता ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना तीच विचारते, "रातको कौन रहता, बोलो."

साखळी

आता आपल्या आतलं बोलू.

६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एर्वाडी इथे एका निवारागृहाला पहाटे आग लागली. गावातल्या दर्ग्याच्या ओढीने दुरून आणलेले मानसिक रुग्ण तिथे ठेवले जायचे. २८ जण मेले. पळता आलं नाही, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. लक्षात घ्या, तेव्हा १९८७ चा कायदा लागू होता. असं ठिकाण चालवायला परवाना लागत होता. कायदा होता, तपासणारा नव्हता. आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातल्या बदायूंमधला तसाच प्रकार आला, माणसं साखळीने बांधलेली. न्यायालयाने ते अमानुष आणि बेकायदा ठरवलं. दोन्ही घटनांत सतरा वर्षांहून जास्त अंतर आहे.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं मुळीच नाही. सगळ्या धर्मांच्या ठिकाणी घडतं. पण आपल्या ठिकाणांची जबाबदारी आपण घेतली पाहिजे. दर्ग्यावर जाणाऱ्या माणसाची मी टिंगल करणार नाही. तिथे फी नाही, अपॉइंटमेंट नाही, कुणी हाकलत नाही. सिव्हिलमध्ये दोन मिनिटं मिळतात, दर्ग्यावर चाळीस दिवस. खालाला तिथे बसून रडता आलं. ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही. पण मन्नत वेगळी आणि साखळी वेगळी. दुआ करायला कुठलाच कायदा मना करत नाही. बांधायला, मारायला, मिरचीची धुरी द्यायला महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही मना करतो. आणि कुटुंबाच्या घराबाहेर जिथे मानसिक रुग्णांना ठेवून घेतलं जातं, त्या जागेची नोंदणी २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, मग ती रुग्णालयासारखी दिसो वा न दिसो.

मार्ग आहे. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर 'दवा और दुआ' नावाचा उपक्रम चालला. मुजावरांना प्रशिक्षण दिलं, मानसोपचारतज्ज्ञांची ओपीडी तिथेच बसवली. माणूस दुआ घेतो आणि मुजावर त्याला गोळीसाठी पुढे पाठवतो. पुढे तामिळनाडूतही एर्वाडीला असंच काम झालं. आपल्या इतिहासालाही हे परकं नाही. दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला आणि दुःख, भीती, राग यांवरच्या उपायांची त्यात चर्चा केली. हे सगळं 'साया' आहे म्हणून ते थांबले नाहीत.

बायकांबद्दल एक वेगळी गोष्ट. नवऱ्याला सुटका हवी असली की 'ती वेडी आहे' हे वाक्य सगळ्या समाजांत सोपं पडतं, आपल्या जमातीतही. माहेर म्हणतं, धाकटीचं लग्न व्हायचंय, आत्ता नको. कायदा इथे स्पष्ट आहे. एखाद्याला मानसिक आजार आहे याचा अर्थ ती व्यक्ती 'अस्थिर बुद्धीची' ठरत नाही. ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. आणि न्यायालयात कुणी मानसिक आजाराचा पुरावा पुढे केला आणि समोरच्याने तो नाकारला, तर कलम १०५ प्रमाणे न्यायालयाने ते प्रकरण रिव्ह्यू बोर्डाकडे पाठवायचं असतं. समझोत्याला बसणाऱ्या आपल्या जमातीच्या पंचांना हे माहीत हवं.

आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलही. पोलीस केस होईल या भीतीने 'पाय घसरला', 'चुकून प्यायला' असं सांगून लोक घरी नेतात आणि खरा उपचार राहून जातो. कलम ११५ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. डॉक्टरांना खरं सांगा.

आपण काय करायचं?

जबाबदारी सरकारची आहे, हे पुन्हा सांगतो. डॉक्टर नेमणं, औषध पुरवणं, मंडळ चालवणं ही आपली कामं नाहीत. पण मागणी नोंदवणं आपल्या हातात आहे, आणि मघाशी बघितलं तसं, नोंद नसेल तर कागदावर आपण नसतोच. म्हणून पाच कामं सुचवतो.

एक. प्रतिनिधी नेमा. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा दिला की पुरे, वकील लागत नाही. हे माणूस बरा असताना करायचं. भाईजाननी तसंच केलं. पुन्हा आजारी पडलो तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हेही आगाऊ लिहून ठेवता येतं. कायद्यात त्याला 'ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह' म्हणतात. भाईजाननी लिहिलंय, 'मला बांधू नये, माझ्या मुलांसमोर नेऊ नये.'

दोन. आपल्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि मानसिक आजाराची कोणती औषधं आहेत, कोणती नाहीत, एवढंच लिहून आणा. नसतील त्यांच्यासाठी अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. एक अर्ज एका माणसाचा असतो. दहा घरांचे दहा अर्ज गेले की मागणीपत्रात आकडा बदलतो.

तीन. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं. आपल्या जिल्ह्याचं रिव्ह्यू बोर्ड कुठे आहे, हे त्यांना लेखी विचारा आणि उत्तर मशिदीच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या फलकावर लावा. कलम ३० प्रमाणे कायद्याची प्रसिद्धी करणं सरकारचं काम आहे. त्यांनी मराठीत आणि उर्दूत पत्रकं छापावीत अशी मागणीही करा.

चार. आमिल, मुजावर, इमामसाहेब यांच्याशी बसून बोला. भांडायला जाऊ नका. 'तुम्ही दुआ द्या, पण झोप गेली असेल, जेवण सुटलं असेल, मरायचं बोलत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा,' एवढं मान्य करून घ्या. कुणाला बांधून ठेवलेलं दिसलं, तर मात्र गप्प बसू नका. अशा व्यक्तीचा छळ किंवा हेळसांड होत असेल तर पोलिसांना कळवावं, असं कायदाच सांगतो.

पाच. ज्यांचा आजार लांबलेला आहे त्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायला मदत करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर अनेक योजनांचा लाभ मिळतो. फॉर्म ऑनलाइन आहे, म्हणजे तो भरून देणं तुमच्या-माझ्यासारख्यांचं काम आहे.

एक नंबर सगळ्यांनी आत्ताच मोबाईलमध्ये घ्या: १४४१६. टेलि-मानस, सरकारची मोफत हेल्पलाइन, दिवस-रात्र, मराठीतही बोलतात. स्वतःसाठी लागला तरी लावा.

कलम ३१ ची दहा वर्षं २०२८ मध्ये पूर्ण होतात. तेव्हा सरकार आकडे मांडेल, किती डॉक्टर नेमले, किती गोळ्या वाटल्या. त्या आकड्यांत आपल्या गल्लीतली घरं असली पाहिजेत. भाईजान आज दुकान चालवतात. मागच्या महिन्यात गोळी पुन्हा संपली होती. या वेळचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, आणि त्याखाली त्या तालुक्यातल्या आणखी सहा जणांच्या सह्या होत्या.

 प्रश्न असतील तर विचारा.